कॅमेऱ्यानं कुठं बसायचं?

(पाथरी इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. व्याख्यानाच्या ओघात दोन छोट्या फिल्म पूर्ण आणि दोन फिल्ममधले तुकडे पडद्यावर दाखवले गेले. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सुरुवात एका कबुलीनं करतो. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत मी तमाशाच्या तंबूत बसलो होतो. समोर एक बाई लावणी करत होत्या. वय चाळिशीच्या पुढचं असावं, पण पाय असे पडत होते की ढोलकीवाल्यालाच सावध राहावं लागत होतं. मी मोबाईल काढला आणि चार-पाच मिनिटांचं शूटिंग केलं. माझ्या आजूबाजूला पन्नास मोबाईल वर गेलेले होते, त्यातला हा एक्कावन्नावा.

घरी येऊन ते शूटिंग बघितलं. घुंगरांचा आवाज स्वच्छ, ढोलकी स्वच्छ. पण पाय कुठंच नाहीत! पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत बाई कमरेच्या वर. जी बाई पायांनी बोलत होती, तिचे पायच मी चौकटीबाहेर ठेवले होते. तंबूत बसून मी नेमकं काय बघत होतो, हे माझ्याच मोबाईलनं मला दाखवून दिलं. आणि त्यांचं नाव? निवेदकानं माईकवरून सांगितलं होतं. मी शूटिंग सुरू केलं ते त्यानंतर. फाईलला नाव मोबाईलनंच दिलं होतं. तारीख आणि एक आकडा.

आजचा विषय जाहिरातीत 'परदेशी कलावंतांचे छोटे नृत्यपट' असा छापलाय. तो बरोबरच आहे, आपण तेच बघणार आहोत. पण हे नृत्यपट मी का बघायला लागलो, त्याची सुरुवात त्या तंबूत झाली. म्हणून आधी तंबू सांगितला.

आता पहिला मुद्दा. नाचाची फिल्म वेगळी आणि नृत्यपट वेगळा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलीचा नाच असतो, बाबा समोर उभं राहून शूटिंग करतात, ती झाली नाचाची फिल्म. नाच आधीच तयार आहे, कॅमेरा फक्त साक्षीदार. नृत्यपटात नाच कॅमेऱ्यासाठीच रचलेला असतो. तो रंगमंचावर तसाच्या तसा करता येत नाही, कारण त्यातला अर्धा नाच अंगाचा आणि अर्धा कॅमेऱ्याचा, कापाकापीचा असतो. हे प्रकरण नवं नाही. सिनेमा जन्मला तेव्हापासून नाच त्याच्यासोबत आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंचा पहिला खेळ झाला, हे आपण शाळेत वाचलंय. त्याच सुमारास लुमिएर कंपनीनं एका नर्तकीची छोटीशी फिल्म काढली. मोठ्ठा झगा, काठ्यांच्या आधारानं तो हवेत फिरतो, आणि फिल्मच्या पट्टीवर हातानं रंग भरल्यामुळे झग्याचे रंग बदलत जातात. हा नाच लोई फुलर या अमेरिकन बाईंनी गाजवला होता. म्हणून या फिल्मखाली पुष्कळ ठिकाणी त्यांचंच नाव टाकलेलं असतं. पण फिल्ममधली बाई लोई फुलर नाहीच! त्यांच्या नाचाची नक्कल करणारी ती दुसरीच कुणीतरी नर्तकी आहे.

म्हणजे बघा, सव्वाशे वर्षांपूर्वीच कॅमेऱ्यानं नाच ठेवला आणि नाचणारीचं नाव हरवलं. माझ्या मोबाईलनं काही नवं पाप केलेलं नाही. (हशा)

आता पहिली फिल्म बघू. चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आवाज नाही, मूकच आहे. कृपया प्रोजेक्टर बिघडला असं समजू नका.

(माया डेरेन यांची १९४५ सालची फिल्म दाखवली जाते.)

तुम्ही काय पाहिलं? जंगल आहे. कॅमेरा सावकाश गोल फिरतो. एक माणूस दिसतो, कॅमेरा पुढे जातो, तर तोच माणूस पुन्हा पुढं उभा, थोडा अधिक वर आलेला, आणि परत पुढं. मग तो जंगलात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो एका घरातल्या खोलीत. पाऊल एकच, जागा दोन. पुढे संग्रहालयाचं भलंमोठं दालन येतं. एका मूर्तीसमोर तो गिरक्या घ्यायला लागतो, आधी अगदी हळू, मग वाढत वाढत इतक्या वेगात की चेहरा ओळखू येत नाही. शेवटी तो उडी मारतो आणि ती उडी संपतच नाही. हवेतच आहे, हवेतच आहे, आणि मग दूर पाण्याकाठच्या उंचवट्यावर तो अलगद उतरतो.

इतका वेळ हवेत कुणीच राहू शकत नाही. ती उडी तुकड्यातुकड्यांनी जोडलेली आहे. नाचणाऱ्याला जे अंगानं जमणार नाही, ते कॅमेऱ्यानं त्याला दिलं. मी ही फिल्म पहिल्यांदा दाखवतो याचं कारण हेच: इथं कॅमेरा काढून घेत नाही, देतो.

आणि दुसरं कारण श्रेयनामावलीत आहे. फिल्म कुणाची? तिथं दोन नावं आहेत, माया डेरेन आणि टॅली बीटी. दिग्दर्शक बाई आणि नाचणारा माणूस, दोघांची फिल्म. साल लक्षात घ्या, १९४५. अमेरिकेत काळ्या माणसांना वेगळं बसवायचे, वेगळं जेवायला लावायचे, ते दिवस. बीटी कृष्णवर्णीय नर्तक, कॅथरीन डनहॅम यांच्या नृत्यसंस्थेतले. डेरेन यांनीही डनहॅमबाईंकडे सचिव म्हणून काम केलेलं. त्या काळात कृष्णवर्णीय नर्तकाचं अंग चौकटीच्या मधोमध, जंगलात, घरात, संग्रहालयात, कुठंही मोकळं फिरतं, आणि त्याचं नाव दिग्दर्शकाच्या शेजारी येतं. चार मिनिटांत एवढं मावतं. नृत्यपट लहान असतो म्हणजे किरकोळ असतो असं कुणी म्हणालं, तर त्याला ही फिल्म दाखवा.

आता दुसरी फिल्म. ही अगदी उलट आहे. त्यातही आवाज नाही.

(बाबेत मॉंगोल्त यांची 'वॉटर मोटर' ही १९७८ सालची फिल्म दाखवली जाते.)

इथं काहीच युक्ती नाही. रिकामी खोली, एकट्या ट्रिशा ब्राऊन, अमेरिकेतल्या मोठ्या नृत्यरचनाकार. नाच असा की पाण्यानं भरलेली पिशवी कुणीतरी हलवावी. हात एकीकडे, डोकं दुसरीकडे, आणि आता कुठं जाणार याचा अंदाज लागेपर्यंत ती पुढे गेलेली असते. नाच संपतो. आणि मग तोच नाच परत सुरू होतो, सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी या हिशेबानं घेतलेला, म्हणजे निम्म्या वेगात. पहिल्या वेळी जे निसटलं ते आता दिसतं. खांदा कुठून सुटला, वजन कोणत्या पायावर गेलं, सगळं.

मॉंगोल्तबाई कॅमेऱ्यामागे आहेत. कसलेल्या छायालेखिका, शांताल अकरमन यांचा 'जान डीलमान' त्यांनीच चित्रित केलेला. त्यांनी इथं काय केलं? नाचात एकदाही कट घेतला नाही. कॅमेरा जागा सोडत नाही, नाचणारी चौकटीत राहावी एवढ्यापुरताच वळतो. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो. पाय दिसतात! (हशा)

आता तुम्ही म्हणाल, मग यात फिल्म कुठंय, हे तर गॅदरिंगचंच शूटिंग झालं. नाही. दोनदा दाखवणं, दुसऱ्यांदा वेग निम्मा करणं, हा निर्णय फिल्मचा आहे. रंगमंचावर बाईंना तोच नाच निम्म्या वेगात करता येणार नाही, उडी मारल्यावर शरीर हळू कसं पडेल? म्हणजे हे काम कॅमेराच करू शकतो. पण ते त्यानं केलंय नाच समजून घेण्यासाठी. स्लो मोशन आपण रोज बघतो, हिरो गाडीतून उतरतो तेव्हा बघतो. तिथं स्लो मोशन म्हणजे 'बघा, किती भारी' असं ओरडून सांगणं असतं. इथं ते 'थांबा, नीट बघू द्या' असं म्हणणं आहे. हत्यार तेच, पण धरणारा हात वेगळा.

इथं माझी पहिली तक्रार मांडतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी परदेशी म्हटलं की लोटांगण घालतो. आता नृत्यपटांचे महोत्सव जगभर होतात, शेकडो फिल्म बनतात, त्यातल्या पुष्कळ घरबसल्या बघायला मिळतात. मी बऱ्याच बघितल्या. त्यातल्या निम्म्या तरी एकाच साच्यातल्या निघतात. पडका कारखाना किंवा ओसाड समुद्रकिनारा. एकटी नर्तकी. वारा. स्लो मोशन. भिंतीवरून फिरणारा हात. मागे पियानोचा एकेक सूर. कारखाना कुणाचा होता, का बंद पडला, तिथं कोण घाम गाळत होतं, याच्याशी फिल्मला देणंघेणं नसतं. ती जागा म्हणजे फोटो स्टुडिओतला मागचा पडदा. मी म्हणतो, जागा वापरली तर जागेचं काहीतरी लागू द्या. सत्यजित राय यांनी १९७६ साली बालसरस्वतींवर 'बाला' हा माहितीपट केला. त्यात त्या समुद्रकाठी अभिनय करतात. वारा साडीला ओढतो, बाईंना त्या वाऱ्याशी जमवून घ्यावं लागतं. ते दृश्य सगळ्यांना आवडतं असं नाही. पण तिथला वारा खरा आहे. त्या नर्तकीला तो अडवतो आणि तरीही ती यशोदा उभी करते. शोभेसाठी आणलेला वारा आणि अंगाला भिडणारा वारा, यात फरक असतो.

आता आपल्या जवळ येतो. पुढचा तुकडा बेल्जियमचा. मूळ नाच १९८३ सालचा, आन तेरेसा द केर्समाकर यांचा, नाव 'रोसास डान्स्ट रोसास'. फिल्म १९९७ सालची, तिएरी द मे यांनी केलेली, जे या नाचाच्या दोन संगीतकारांपैकी एक होते. फिल्म जवळपास तासाभराची आहे, आपण फक्त खुर्च्यांचा भाग बघू.

(तुकडा दाखवला जातो.)

चार बायका, लाकडी खुर्च्या, जुनी शाळेची इमारत. उठत नाहीत. बसल्या बसल्या नाचतात. पायावर पाय टाकतात, केसांतून हात फिरवतात, अंगरख्याचा खांदा खाली सरकवतात आणि परत वर घेतात, एकदम पुढे झुकतात, थांबतात, एकमेकींकडे बघतात. तेच तेच, पण दर वेळी किंचित वेगळं.

मी पहिल्यांदा हे बघितलं आणि मला आपली बैठकीची लावणी आठवली. हसू नका, खरंच. आपल्याला लावणी म्हटलं की उभी लावणी, फडाची लावणी डोळ्यांपुढे येते. पण बैठकीची लावणी बसून करायची असते. गाणारीही तीच आणि अदा करणारीही तीच. वाईच्या यमुनाबाई वाईकर आठवा. २०१२ साली पद्मश्री मिळाली त्यांना; २०१८ साली गेल्या, वयाची शंभरी पार करून. बसलेली बाई, गुडघ्यावर हात, एकच ओळ आठ-दहा वेळा घ्यायची आणि दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी, मानेनं तिचा अर्थ फिरवायचा. एकदा राग, एकदा लाडीगोडी, एकदा 'जा, नाही बोलणार'. उठून नाचायची गरजच नाही. ब्रसेल्सच्या बायकांना यमुनाबाई माहीत नव्हत्या, यमुनाबाईंना ब्रसेल्स माहीत असायचं कारण नव्हतं. दोघींचा हेतूही सारखा नाही. तिथं नटूनथटून कुणाला रिझवायचं नाही, उलट थकवा आहे, हट्ट आहे. पण बसलेल्या अंगात केवढा नाच असतो हे दोन्हीकडे कळतं.

आता प्रश्न असा, की बेल्जियमच्या त्या खुर्च्यांना एक द मे मिळाला, बैठकीच्या लावणीला आपल्या सिनेमानं काय दिलं?

दिलं खूप, हे आधी मान्य करू. लावणी घराघरांत गेली ती सिनेमामुळे. 'राम जोशी', 'सांगत्ये ऐका', 'पिंजरा' ही नावं काढली तरी सभागृहात माना डोलतात. व्ही. शांताराम यांना नाचाची नजर होती, 'झनक झनक पायल बाजे' १९५५ साली करणारा माणूस नाचाला हलकं समजत नव्हता. पण सिनेमानं लावणीचं एक असं केलं, ज्याची फारशी चर्चा होत नाही. त्यानं लावणीच्या बाईचे दोन तुकडे केले. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मधली सगळ्यात गाजलेली लावणी घ्या. पडद्यावर जयश्री गडकर आहेत, आवाज आशा भोसले यांचा. दोघीही आपापल्या जागी थोर. 'पिंजरा'त १९७२ साली संध्या नाचल्या, उषा मंगेशकर गायल्या. पण बैठकीत जी बाई गात होती, तिचा श्वासच तिची अदा ठरवत होता. ओळ कुठं तोडायची, कुठं थांबून समोरच्याकडे बघायचं, हे ती त्या क्षणी ठरवायची. सिनेमात आवाज आधी ध्वनिमुद्रित झाला, आणि अंग त्याच्या मागून आलं. मग त्या अंगाला थांबायची सोयच राहिली नाही. गाणं पुढं चाललंय, थांबून कसं चालेल!

त्यात भर पडली कापाकापीची. घरी गेल्यावर एक प्रयोग करा. अलीकडच्या कुठल्याही चित्रपटातली लावणी लावा आणि दर कटला एक टाळी वाजवा. ढोलकीपेक्षा तुमच्या टाळ्या जास्त होतील. (हशा) डोळा, कंबर, घुंगरू, शिट्टी मारणारा माणूस, परत कंबर. नाचतंय कोण? संकलक नाचतोय. डेरेनबाईंच्या फिल्ममध्येही कट आहेत, मग त्यांना मी का वाखाणलं? कारण तिथं कट पाय जोडतो. जंगलातला पाय घरात पोचवतो. इथं कट पाय तोडतो. टाच उचललेली दिसते, पडलेली दिसत नाही. कट किती आहेत ते मोजून भागत नाही. कटनंतर माणूस अखंड राहतो का, ते बघावं.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी मला बाजूला घेऊन चांगलंच झापलं, आणि ते इथं सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बैठकीचं एवढं कौतुक करता, पण बैठकीत सगळ्यात पुढं कोण बसायचं? ज्याच्याकडे पैसा तो. दौलतजादा करणारा. त्या बाईनं थांबून कुणाकडं बघायचं हे ती ठरवत होती की नोट ठरवत होती?"

ताई, तुमचं बरोबर आहे. बैठक म्हणजे स्वर्ग नव्हता. ठरावीक जातींतल्या बायकांच्या पोटापाण्याशी, घरच्यांच्या सक्तीशी, गावच्या पाटला-सावकाराच्या मर्जीशी ती बांधलेली होती. कलेचं कौतुक करायचं आणि ती करणाऱ्या बाईला घरात उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हा आपला जुना हिशेब. सावित्री मेधातुल यांनी २००८ साली 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट केला, त्यात संगीत बारीतल्या बायकाच बोलतात. भूषण कोरगावकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तकही वाचा. लावणीकडं त्या बायकांच्या बाजूनं बघायची सवय त्यानं लागते. म्हणून मी असं म्हणत नाही की कॅमेऱ्यानं पुढच्या गादीवर, त्या नोटवाल्याच्या जागेवर जाऊन बसावं. उलट माझं म्हणणं असं आहे की आपला कॅमेरा इतकी वर्षं त्याच गादीवर बसलाय. कंबरेचा क्लोज-अप म्हणजे दुसरं काय? फक्त आता नोट द्यावी लागत नाही, तेवढीसुद्धा!

यावरून शेवटचा तुकडा. ही फिल्म २००४ सालची, ब्रिटनच्या 'डीव्ही-एट' या नृत्यसंस्थेची, दिग्दर्शक लॉइड न्यूसन. नाव 'द कॉस्ट ऑफ लिव्हिंग'. म्हणजे जगण्याचा खर्च, जगायला मोजावी लागणारी किंमत. समुद्रकाठचं सुट्टीचं गाव, हंगाम संपलेला, पर्यटक गेलेले. त्यात डेव्हिड टूल नावाचे नर्तक आहेत. त्यांना पाय नाहीत. हातांवर चालतात, हातांवर नाचतात.

(तुकडा दाखवला जातो.)

दोन प्रसंग लक्षात ठेवा. एकात हातात व्हिडिओ कॅमेरा घेतलेला एक माणूस त्यांच्या मागे लागतो आणि प्रश्न विचारत सुटतो, तुमच्या शरीराचं असं का, तसं का, अत्यंत घाणेरडे प्रश्न. आपल्याला बघवत नाही. पण आपण बघतोच आहोत, आणि तेही कॅमेऱ्यामधूनच! दिग्दर्शकानं आपल्याला बरोबर त्या माणसाच्या शेजारी आणून उभं केलंय. दुसरा प्रसंग बॅलेच्या तालमीचा. तिथं एक नर्तकी आहे, टूल तिच्यापाशी जातात, आणि दोघं नाचतात. ती खाली येते, ते वर जातात, आणि थोड्या वेळानं कुणाला पाय आहेत आणि कुणाला नाहीत याचा हिशेब आपण विसरतो. दया नाही, 'वा, अपंग असून किती जिद्द' असलं काही नाही. दोन कसलेली माणसं एकमेकांचं वजन तोलतायत, बस्स.

पहिल्या प्रसंगात कॅमेरा शरीराकडं बोट दाखवून विचारतो, 'हे काय आहे?' दुसऱ्यात तो गप्प राहतो आणि शरीराला बोलू देतो. एकाच फिल्ममध्ये दोन कॅमेरे. आपला मोबाईल यातला कोणता, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझा त्या जत्रेतला कोणता होता, ते मी सुरुवातीला सांगितलंच.

आता कुणी विचारेल, पाथरीच्या माणसानं हे सगळं कशाला बघायचं? आपल्याकडं काय कमी आहे? काहीच कमी नाही, म्हणूनच बघायचं. पलीकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावची जत्रा भरते, तिथं लावणी होते. आणि आपल्या जिल्ह्यात गोंधळ आहे. परभणीच्या राजारामबापू कदमांनी तो कुठल्या कुठं नेला, हे मी तुम्हाला सांगायला नको. गोंधळात एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. ती म्हणजे दिवटी. संबळ वाजतंय, तुणतुणं वाजतंय, आणि दिवटी गोंधळ्यांच्याच हातात. पूर्वी वीज नव्हती तेव्हा अंगणात तोच उजेड. म्हणजे तुम्ही काय बघायचं, किती बघायचं, हे नाचणारी माणसंच ठरवायची. उजेड त्यांचा होता. आता उजेड आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये आलाय. हत्यारावर आपला ताबा आला, पण जबाबदारी आली असं कुणी सांगितलं नाही.

नृत्यपटाचा खरा धडा मला हा वाटतो. त्यांच्याकडं चांगले कॅमेरे आहेत म्हणून ते चांगले नाहीत. डेरेनबाईंची फिल्म १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावरची आहे, आज तुमच्या खिशात त्याहून सोयीचं यंत्र आहे. चांगले नृत्यपट चांगले आहेत ते एका करारामुळे. नाचणारा आणि टिपणारा यांनी आधी एकमेकांशी बोलून घेतलेलं असतं: काय दाखवायचं, किती, कुठून, आणि खाली नाव कुणाचं. करार मोडला की काय होतं, त्याचंही उदाहरण याच खुर्च्यांचं आहे. २०११ साली बियॉन्से या बड्या गायिकेच्या एका व्हिडिओत द केर्समाकर यांच्या हालचाली न विचारता वापरल्या गेल्या, मोठा वाद झाला. बाईंनी पुढं काय केलं? २०१३ साली त्यांनी खुर्च्यांचा तो नाच सगळ्यांना शिकवायला मोकळा केला, आणि म्हणाल्या, आपापल्या खुर्च्या घ्या, करा, आणि मला पाठवा. चोरी आणि आमंत्रण यात फरक एवढाच, की कुणीतरी आधी विचारतं.

(व्याख्यानानंतर एका तरुणानं विचारलं: "सर, जत्रेत शूटिंग करूच नये का? आम्ही रील टाकतो म्हणून तर त्या कलावंतांना सुपाऱ्या मिळतात.")

चांगला प्रश्न. नाही, बंद करा असं मी म्हणणार नाही. तुमचं खरं आहे, कित्येक फडांना आज रीलमुळे काम मिळतं, काही कलावंत स्वतःच रील करतात आणि फार हुशारीनं करतात. तुमच्या मोबाईलची उभी चौकट तर उभ्या माणसासाठी अगदी बेतलेली आहे, डोक्यापासून टाचेपर्यंत मावतो. फक्त त्यात ढोलकीवाला राहत नाही, तो कडेला पडतो, आणि मग ती बाई कुणाशी भांडतेय, कुणाला डोळा घालतेय तेच कळत नाही. म्हणून तीन गोष्टी करा. चार पावलं मागं या. एक लावणी न थांबवता, झूम न करता घ्या. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी राहुटीपाशी जाऊन विचारा, "बाई, शूटिंग केलं तर चालेल का? नाव काय लावू?" त्या नाही म्हणाल्या तर मोबाईल खिशात ठेवा आणि डोळ्यांनी बघा. हो म्हणाल्या तर नाव नीट लिहून घ्या, ढोलकीवाल्याचंही.

माझ्याकडं ते जुनं शूटिंग अजून आहे. ते मी कुणाला दाखवत नाही. खाली काय नाव लिहू?